आयर्लंडमध्ये पडीक घर घेऊन राहायचंय? ५० हजार युरोची ग्रँट कशी मिळवायची

डब्लिनमध्ये भाड्याने राहणारे आपले बरेच लोक वीकेंडला गाडी काढून वेस्टला फिरायला जातात, तेव्हा जवळपास प्रत्येक गावात मेन स्ट्रीटवर खिडक्यांना फळ्या मारलेली दोन-चार घरं दिसतातच आणि गाडीतलं कोणीतरी म्हणतंच की एवढी घरं रिकामी पडलीयेत आणि आपण मात्र भाड्याचं घर बघायला लाईनीत उभे. २०२२ च्या जनगणनेत अशी १,६६,७५२ घरं रिकामी निघाली, हॉलिडे होम्स सोडून, आणि त्यातली ४८,३८७ तर २०१६ लाही रिकामीच होती. ही घरं परत राहती व्हावीत म्हणून जुलै २०२२ पासून सरकारची ग्रँट आहे, नाव क्री कोनाहा असं काहीसं ऐकू येतं, पण कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनात, सगळे व्हेकंट प्रॉपर्टी ग्रँटच म्हणतात. आम्ही यातून गेलोय म्हणून नीट लिहितेय, कारण मला मनापासून वाटतं की आपल्या लोकांनी याचा विचार करावा.

पैसे किती? मे २०२३ पासून रिकाम्या घराला जास्तीत जास्त ५०,००० युरो आणि घर डेरेलिक्ट म्हणजे अगदी मोडकळीला आलेलं, धोकादायक असेल तर ७०,००० पर्यंत. बेटांवर याहून थोडे जास्त. घर २००७ पर्यंत बांधलेलं हवं आणि अर्ज करताना किमान २ वर्षं रिकामं असलेलं हवं. तुम्ही स्वतः राहणार असाल तरी चालतं, भाड्याने देणार असाल तरी चालतं, एका माणसाला जास्तीत जास्त दोनदा मिळते, एक राहण्यासाठी आणि एक भाड्यासाठी. फर्स्ट टाइम बायरच असायला हवं असं नाही.

सगळ्यात आधी त्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कौन्सिलमधल्या व्हेकंट होम्स ऑफिसरला ईमेल करा. प्रत्येक कौन्सिलमध्ये हा माणूस असतो आणि आमचा तरी अनुभव असा की ही मंडळी खरंच मदत करतात, घर भरलं तर त्यांनाही हवंच असतं. घर विकत घ्यायच्या आधीही अर्ज करता येतो, व्यवहाराची बोलणी चालू आहेत याचा पुरावा लागतो, एजंटकडून किंवा मालकाकडून तसं पत्र घ्या. रिकामं असल्याचा पुरावा म्हणजे बहुतेक वेळा जुनी लाईटबिलं, वापर शून्याच्या आसपास दिसला की काम झालं, ही बिलं मालकाकडूनच मिळणार म्हणून घर ठरवतानाच मागून ठेवा, नंतर मालक फोन उचलत नाही. डेरेलिक्टचे जादा २०,००० हवे असतील तर घर कौन्सिलच्या डेरेलिक्ट साइट्स रजिस्टरवर, म्हणजे अशा मोडकळीच्या जागांच्या यादीत, असायला हवं नाहीतर इंजिनियर वगैरे क्वालिफाइड माणसाचा रिपोर्ट लागतो.

मग कोटेशन. बिल्डर एका ओळीत सगळा आकडा लिहून देतो, ते चालत नाही. छप्पर किती, पाया किती, वायरिंग-प्लंबिंग किती, खिडक्या किती असं तोडून मागा, कारण फॉर्ममध्ये कामांचे गट आहेत आणि प्रत्येक गटाला वेगळी मर्यादा आहे. बिल्डरचे टॅक्सचे कागद क्लिअर हवेत आणि तुमचेही, लोकल प्रॉपर्टी टॅक्ससकट.

यानंतर कौन्सिलचा माणूस घर बघायला येतो आणि मग मंजुरीचं पत्र येतं. हे पत्र हातात येईपर्यंत एक वीटही हलवू नका. कळकळीने सांगतेय, ओळखीतल्या एका जोडप्याने किल्ल्या मिळाल्या त्याच आठवड्यात उत्साहात जुनं किचन आणि ओला प्लास्टर काढून टाकला आणि ते काम ग्रँटमध्ये धरलंच गेलं नाही, कारण आधी केलेल्या कामाचे पैसे मिळतच नाहीत. वाट बघायचा काळ फुकट घालवू नका, लाईट कापलेली असेल तर ईएसबी नेटवर्क्स या वीजजोडणीच्या कंपनीकडे रिकनेक्शनची चौकशी करा, गावाबाहेरचं घर असेल तर सेप्टिक टँक तपासून घ्या, आणि जुनं दगडी घर असेल तर सिमेंट थापू नका, चुन्याचं काम येणारा माणूस शोधा, नाहीतर ओल भिंतीतच अडकते. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांसारखंच आहे हे. घर प्रोटेक्टेड स्ट्रक्चर, म्हणजे वारसा म्हणून जपायची इमारत, असेल तर कौन्सिलकडून सेक्शन ५७ चं डिक्लरेशन आधी मागा, काय करता येतं काय नाही ते लेखी मिळतं.

इन्सुलेशन, हीट पंप वगैरेसाठी एसईएआय या सरकारी ऊर्जा संस्थेची ग्रँट वेगळी घेता येते, फक्त एकाच कामासाठी दोन्हीकडून पैसे घ्यायचे नाहीत.

आता खरी अडचण. ग्रँटचे पैसे काम पूर्ण झाल्यावर, परत इन्स्पेक्शन होऊन मग येतात, म्हणजे बिल्डरला द्यायचे पैसे आधी तुमच्याकडे हवेत. त्यात बाथरूम-किचन नसलेल्या घराला बँका सहसा मॉर्गेज द्यायला कचरतात. आम्ही निम्मी बचत आणि निम्मे भावाकडून घेतले, सगळ्यांना ते जमेलच असं नाही. दोन बँकांनी पुरेसं कर्ज दिलं नाही तर कौन्सिलचंच पर्चेस अँड रिनोव्हेशन लोन आहे, २०२४ पासून, त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे पण ग्रँट येईपर्यंतची रक्कमही त्यात धरता येते. घर बघायला जायच्या आधी हे गणित मांडा.

आणि शेवटची अट, जी आपल्या लोकांनी नीट वाचायला हवी. घरावर कौन्सिलचा चार्ज, म्हणजे कायदेशीर बोजा, लागतो, ५ वर्षांच्या आत विकलं तर पूर्ण ग्रँट परत, ५ ते १० वर्षांत विकलं तर ७५ टक्के परत, १० नंतर काही नाही. आईवडिलांसाठी चार वर्षांत पुण्याला परत जायचं मनात असेल तर नवरा-बायकोने हे आधी बोलून घ्या, आणि पुढे घर भाड्याने द्यावं लागलं तर काय होईल ते त्या ऑफिसरला पहिल्याच ईमेलमध्ये विचारा, उत्तर लेखी घ्या.