बँकेच्या ई-लिलावात फ्लॅट घेताय? या चुका टाळा

कर्ज थकलं की २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक तारण ठेवलेलं घर ताब्यात घेते आणि विकते. सरकारी बँकांचे लिलाव हल्ली बँकनेट पोर्टलवर चालतात, तर खासगी बँका आणि गृहवित्त कंपन्या वेगवेगळ्या लिलाव संकेतस्थळांवर बोली घेतात. बाजारभावापेक्षा कमी राखीव किंमत, म्हणजे बोली जिथून सुरू होते तो आकडा, दिसते आणि माणूस थेट नोंदणी करायला बसतो. पण लिलावात पैसे अडकतात ते बहुतेक वेळा नोटीस नीट न वाचल्यामुळे.

ताबा कुणाकडे आहे, ते आधी बघा

नोटिशीत ‘प्रतीकात्मक ताबा’ असं लिहिलेलं असेल, तर त्या घरात अजून कोणीतरी राहतंय असं धरून चला. बँकेने दारावर नोटीस लावली आणि वर्तमानपत्रात छापली, तेवढंच झालेलं असतं. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला कलम १४ खाली जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकारी यांच्याकडे जावं लागतं. कायद्याने आदेशासाठी ३० दिवस आणि कारण नोंदवून एकूण ६० दिवस दिले आहेत. प्रत्यक्षात याहून खूप जास्त वेळ जातो आणि आदेश आल्यावरही पोलीस बंदोबस्ताची तारीख मिळावी लागते. तोवर तुमचे सगळे पैसे भरून झालेले असतात आणि गृहकर्जाचा हप्ताही सुरू झालेला असतो. हातात राखीव पैसा नसलेल्या आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाने प्रतीकात्मक ताब्याच्या घरावर बोली लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. किंमत कितीही मोहात पाडणारी असली, तरीही.

घरात भाडेकरू असेल, तर त्याचा करार घर तारण ठेवण्याआधीचा आहे की नंतरचा, हे विचारा. आधीचा आणि नोंदणीकृत असेल, तर त्याला बाहेर काढणं सोपं नसतं.

‘जसे आहे, जिथे आहे’ म्हणजे थकबाकीसकट

हे शब्द प्रत्येक नोटिशीत असतात आणि लोक त्यावरून नजर फिरवून पुढे जातात. त्यांचा अर्थ असा की सोसायटीचा थकलेला मेंटेनन्स, मालमत्ता कर, पाणीपट्टी, वीजबिल हे सगळं बहुधा घेणाऱ्याच्या माथी येतं. विजेबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे की, नियमांत तशी तरतूद असेल तर नवीन जोडणी देण्याआधी वीज कंपनी जुन्या ग्राहकाची थकबाकी लिलावात घेणाऱ्याकडे मागू शकते.

म्हणून पाहणीच्या दिवशी फक्त खोल्या बघून परत येऊ नका. सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा आणि थकबाकीचा आकडा लेखी मागा. वीजबिल ग्राहक क्रमांकावरून कळतं, तर मालमत्ता कर महापालिकेच्या संकेतस्थळावर. भोगवटा प्रमाणपत्र आहे का, नोटिशीतला फ्लॅट क्रमांक आणि क्षेत्रफळ इंडेक्स टूशी, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या व्यवहाराच्या उताऱ्याशी, जुळतं का, हेही तपासा. वकिलाकडून सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोजांच्या जुन्या नोंदींचा अहवाल, घ्यायला होणारा खर्च इथे वाचवू नका.

पैशांचं वेळापत्रक

‘बोली जिंकलो, आता कर्जाला अर्ज करतो’ ही सगळ्यांत महाग पडणारी चूक आहे. राखीव किंमत ४० लाख असेल, तर बोलीआधी भरायची अनामत साधारण १० टक्के, म्हणजे ४ लाख. तुमची बोली ४६ लाखांवर थांबली, तर तिच्या २५ टक्के, म्हणजे साडेअकरा लाख, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरायचे असतात. अनामत वजा जाता साडेसात लाख. उरलेले साडेचौतीस लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मान्य केलं तर ही मुदत वाढते, पण एकूण तीन महिन्यांपलीकडे नाही.

मुदत चुकली तर भरलेले साडेअकरा लाख जप्त. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी पूर्ण जप्ती वैध ठरवली. तेव्हा कर्जाची मंजुरी आधी घ्या आणि बँकेला सांगा की घर लिलावातलं आहे, कारण प्रत्येक बँक अशा घरावर कर्ज देत नाही. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर १ टक्का टीडीएस कापावा लागतो. तो कोणाच्या पॅनवर भरायचा, हे बँकेकडून लेखी घ्या.

पोर्टलवर अडतं कुठे

अनामत शेवटच्या दिवशी पाठवली आणि ती वॉलेटमध्ये दिसलीच नाही, ही तक्रार नेहमीची. केवायसी आणि अनामत दोन-तीन दिवस आधी उरकून घ्या. बहुतेक लिलावांत अखेरच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते, म्हणून शेवटच्या सेकंदाला बोली टाकण्याचा डाव इथे चालत नाही. उलट नेट गेलं तर संधीच हुकते. आकडा टाकताना शून्यं मोजा, कारण दिलेली बोली मागे घेता येत नाही. आणि ‘आतून करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटच्या खात्यात एक रुपयाही पाठवू नका. पैसे फक्त नोटिशीत छापलेल्या खात्यात किंवा पोर्टलच्या वॉलेटमध्येच.

कर्जदार परत आला तर?

लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाल्यावर थकबाकी भरून घर सोडवण्याचा कर्जदाराचा हक्क संपतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये नवी मुंबईतल्या एका जमिनीच्या प्रकरणात हे सांगितलं. पण बँकेने कार्यवाहीत चूक केली असेल, तर तो ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत जाऊ शकतो. लिलाव रद्द झाला, तर पैसे परत मिळवण्यासाठी तुम्हालाच खेटे घालावे लागतात. म्हणून बोलीआधी बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला, म्हणजे लिलाव हाताळणाऱ्या अधिकाऱ्याला, ईमेलवर विचारा की या मालमत्तेवर कुठला दावा चालू आहे का. उत्तर टाळलं गेलं, तर ते घर सोडून द्या.

सगळे पैसे भरले की विक्री प्रमाणपत्र मिळतं. ते मुद्रांक शुल्क भरून नोंदवून घ्या आणि त्याच वेळी बँकेकडून मूळ करारनामा, आधीच्या खरेदीची साखळी आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट यादीवर सही घेऊन ताब्यात घ्या.