फोर-स्ट्रोक आउटबोर्डमधलं ऑइल वाढलंय?

माझ्या बासबोटीवर, म्हणजे मासेमारीच्या छोट्या बोटीवर, मागे बाहेरून लावायची फोर-स्ट्रोक (आउटबोर्ड) मोटर बसवली तेव्हा टू-स्ट्रोकसारखी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट सुटली, याचाच मला मोठा आनंद होता. पहिल्याच थंडीत डिपस्टिकवर (ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीवर) ऑइल वरच्या खुणेपलीकडे चढलेलं दिसलं आणि पोटात गोळा आला.

थंड पाण्यात मोटर तासन्‌तास संथ चालवली की ती पुरेशी तापत नाही. न जळलेलं पेट्रोल पिस्टन रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल वाढतं खरं, पण पातळ होतं आणि बेअरिंगांचं नीट रक्षण करत नाही.

तपासताना मोटर अगदी उभी हवी, बंद करून थोडा वेळ गेलेला हवा. ट्रेलरवर तिरकी असताना घेतलेलं माप खोटं. तसं मोजून मी एकदा जास्त ऑइल ओतलं होतं. डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. रंग दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, मोटर सुरूच करू नका.

थर्मोस्टॅट (थंड पाणी अडवून मोटर तापू देणारी झडप) उघडा अडकलेला नाही ना, तेही बघा. मी आता परतताना मोटर काही वेळ वेगात पळवतो, म्हणजे ती नीट तापते. नेहमीचा ऑइलबदल १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा.