पाहुण्यांना वेरूळ दाखवायचंय? मग शेवटच्या लेण्यांपासून सुरू करा

संभाजीनगरात कुणाकडेही पाहुणे आले की दुसऱ्या दिवसाचा बेत ठरलेला असतो: वेरूळ. आणि तिथे नेण्याची पद्धतही ठरलेली. अकराला गाडी लावायची, तिकीट काढायचं, समोरच दिसणाऱ्या कैलासात शिरायचं, दीड तास फोटो काढायचे. बाहेर येईपर्यंत ऊन डोक्यावर, पोरं कंटाळलेली आणि पोटात कावळे. मग "बाकीची लेणी साधारण अशीच आहेत" म्हणत सगळे जेवायला. ३४ लेण्यांपैकी पाहुण्यांनी पाहिलेलं असतं एक. त्यांना वेरूळ आवडतंच, कारण कैलास कसाही दाखवला तरी माणूस गप्प होतो. पण ही अर्धीच भेट. क्रम उलटा केला तर त्याच एका दिवसात कितीतरी जास्त वेरूळ नीट बघून होतं.

त्यासाठी आधी लेण्यांची मांडणी डोक्यात बसवा. डोंगराचा कडा दक्षिणोत्तर जवळपास दोन किलोमीटर पसरलाय आणि लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत. मुख्य दारातून आत गेलं की समोर १६, म्हणजे कैलास. उजवीकडे, दक्षिणेला, १५ पासून १ पर्यंत. त्यातली १ ते १२ बौद्ध. डावीकडे १७ ते २९, कैलासासारखीच हिंदू लेणी. त्याच्याही पुढे, चांगलं किलोमीटरभर लांब, ३० ते ३४ ही जैन लेणी. क्रमांक जागेप्रमाणे दिलेत, काळाप्रमाणे नव्हे. त्यामुळे "एकपासून क्रमाने बघू म्हणजे इतिहास कळेल" असं काही नाही. २९ नंबरचं लेणं कैलासाच्या कितीतरी आधीचं आहे.

पश्चिमेची तोंडं ही खरी किल्ली. सकाळी ऊन डोंगराच्या मागे असतं. बाहेर सावली, चालायला छान, पण आत अंधार. दुपार कलली की उलट होतं, ऊन सरळ लेण्यांत शिरायला लागतं. म्हणून लांबचं चालणं सकाळी उरकायचं आणि ज्या लेण्यांना उजेड लागतो ती दुपारनंतर घ्यायची. सकाळी उत्तर टोक, दुपारी कैलास, संध्याकाळी दहा नंबर.

निघण्याआधी वार बघा. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. दोन्ही दाखवायचं असेल तर हे दोन वार हमखास गोंधळ घालतात. पुण्यामुंबईचे पाहुणे जोडून सुट्टी काढून सोमवार-मंगळवारच धरून येतात. बाकी दिवशी सूर्योदय ते सूर्यास्त उघडं. भारतीयांना तिकीट ४० रुपये, ऑनलाइन काढलं तर ३५. १५ वर्षांखालच्या मुलांना नाही. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र टाळाच. घृष्णेश्वर लेण्यांपासून किलोमीटरभरही लांब नाही, त्यामुळे त्या दिवशी अख्खा रस्ता भाविकांचा असतो आणि गाडी गावाबाहेरच अडकते.

सोबत माणशी दीड लिटर पाणी, टोपी, पकड असलेले बूट आणि एक चांगली बॅटरी. मोबाइलची बॅटरी चालत नाही असं नाही, पण तिचा उजेड पसरट पडतो. छोटी हातबॅटरी घ्या आणि ती मूर्तीच्या समोरून मारू नका. बाजूला उभं राहून तिरका झोत टाका. समोरच्या उजेडात कोरीव काम सपाट दिसतं, तिरक्या उजेडात कापडाच्या चुण्या आणि बोटंसुद्धा उठून येतात. फ्लॅश नको, रंग उरलेत तिथे तर मुळीच नको. खाऊच्या पिशव्या बॅगेच्या आत. माकडं बाहेर लटकणारी पिशवी सोडत नाहीत. कड्यावर आग्या मोहळं असतात, म्हणून उग्र अत्तर, सिगारेट, आरडाओरडा नको. जत्रेसारख्या किंचाळ्या मारणारा एखादा गट दिसला तर जरा लांबूनच चाला.

शहरापासून अंतर ३० किलोमीटर. कन्नड, चाळीसगाव, धुळ्याकडे जाणाऱ्या एसट्या वेरुळावरून जातात, त्यामुळे स्वतःची गाडी नसली तरी अडत नाही. साडेसातपर्यंत घर सोडा. वाटेत देवगिरी दिसला की कुणीतरी म्हणणारच, "हा पण करून टाकू का?" नाही म्हणा. तो किल्ला चढून उतरायलाच तीनेक तास लागतात आणि मग पाय वेरूळला नव्हे, घराकडे ओढतात.

आत गेल्यावर कैलासाकडे पाठ फिरवायला मन घट्ट करावं लागतं. "हे शेवटी" एवढंच सांगा आणि आवारातल्या बसने थेट जैन लेण्यांकडे जा. बत्तीस नंबरला, म्हणजे इंद्रसभेला, पाऊण तास द्या. अंगणात अखंड दगडाचं छोटं मंदिर, मानस्तंभ (जैन देवळासमोरचा उंच खांब) आणि एक हत्ती आहे. खरी मजा वरच्या मजल्यावर. खांब इतके घोटीव आहेत की लाकडाच्या चरकावर फिरवून काढल्यासारखे वाटतात. हत्तीवर बसलेल्या मूर्तीला सगळे इंद्र म्हणतात, लेण्याचं नावही त्यावरूनच पडलं. पण तो आहे यक्ष. त्याच्या समोरची अंबिका सिंहावर बसलीय आणि डोक्यावर आंब्याचं झाड आहे. पाहुण्यांना झाडातले आंबे शोधायला लावा, मग ते बाकीचं आपोआप बघतात. मान वर केली तर छतावर रंगांचे अवशेष दिसतात. शेजारच्या तेहतीसमध्ये डोकावून पुढे निघा. तीस नंबर, छोटा कैलास, जरा बाजूला आहे. ते अर्धवट राहिलेलं काम आहे आणि नेमकं म्हणूनच पाहण्यासारखं. डोंगर वरून खाली कसा फोडत नेतात ते इथे कळतं. दुपारी कैलासात "हे केलं कसं?" असा प्रश्न येणारच, तेव्हा या जागेची आठवण करून द्यायची.

तिथून एकोणतीसला, डुमार लेण्याला या. घारापुरी पाहिलेला माणूस इथे लगेच ओळखेल: तशीच चौफेर ऐसपैस मांडणी, तसेच जाडजूड खांब, दाराशी सिंह. शेजारी वेळगंगेचा धबधबा कोसळतो, खाली सीतेची न्हाणी. पावसाळ्यात हा भाग सगळ्यात देखणा आणि सगळ्यात दगाबाज. शेवाळलेल्या पायऱ्यांवर चपला घातलेला माणूस घसरतोच. पाणी जास्त असेल तर इथून एकवीसकडे जाणारी पायवाट बंद ठेवतात. मग हुज्जत न घालता रस्त्याने फिरून यायचं.

इथे एक खेळ सुरू करा. रावण कैलास हलवतोय हा प्रसंग वेरूळला अनेक वेळा कोरलाय. एकोणतीसमध्ये एक बघा, एकवीसमध्ये दुसरा, आणि पोरांना सांगा की सर्वात भारी रावण अजून यायचाय. एकवीसच्या (रामेश्वर) दर्शनी भागातली मकरावर उभी गंगा पाहिल्याशिवाय आत जाऊ नका. कमरेत किंचित वळून उभी आहे, आणि दगडाला एवढा सैलपणा कसा आणला हे कळत नाही. मधली बावीस ते अठ्ठावीस सोडली तरी चालतील. असं म्हटलेलं काहींना आवडणार नाही, पण एका दिवसात सगळं पाहणारा माणूस काहीच पाहत नाही.

आता जेवण. साडेबारा ते दोन हा वेळ उन्हात घालवण्यात अर्थ नाही. बाहेर हॉटेलं आहेत, डबा आणला असेल तर झाडाखाली बसा. लेण्यांच्या आत खाऊ नका; सांडलेल्या अन्नावर माकडं येतात आणि मागून येणाऱ्यांना त्रास होतो. जेवणानंतर पंधरा मिनिटं आडवं व्हायला मिळालं तर उत्तम.

अडीचच्या सुमारास कैलास. याला दोन तास ठेवा आणि आत घाईने शिरू नका. आधी सगळ्यांना एकच गोष्ट सांगा: हे बांधलेलं नाही, आतलं काही बाहेरून आणून रचलेलं नाही. तिन्ही बाजूंनी डोंगरात खोल चर खणून मधे दगडाचं बेट मोकळं केलं आणि मग ते शिखराकडून पायथ्याकडे कोरत आणलं. अंगण २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद आणि मागचा कडा १०७ फूट उंच. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, म्हणजे ८ व्या शतकातलं हे काम. बडोद्याला सापडलेल्या, इ. स. ८१२ च्या सुमाराच्या एका ताम्रपटात या देवळाचं वर्णन आहे. त्यात म्हटलंय की खुद्द शिल्पकारालाच पुढे प्रश्न पडला, हे मी केलं कसं! आपल्याकडची जुनी कथा वेगळी: राणीने शिखर दिसेपर्यंत न जेवण्याचा नेम केला, आणि पैठणच्या कोकास नावाच्या कारागिराने युक्ती काढली, शिखरच आधी कोरू. कथा असली तरी कामाची दिशा तिने बरोबर पकडलीय.

परग्रहवासीयांचे व्हिडिओ बघून आलेला एखादा भाचा असतोच. त्याच्याशी वाद घालू नका. त्याला अंगणाच्या कडेच्या उभ्या भिंतीजवळ न्या आणि तिरकी बॅटरी मारा. छिन्नीचे समांतर ओरखडे खालपर्यंत स्पष्ट दिसतात. एकेका ओरखड्यामागे एक हात आणि एक घाव आहे.

आत गेल्यावर समोर गजलक्ष्मी. तिथून डावीकडे वळा. नदीदेवतांचं छोटं देऊळ, अखंड दगडाचा हत्ती, सुमारे ४५ फुटी स्तंभ. उत्तरेच्या भिंतीवर महाभारताचे पट्टे आहेत, दक्षिणेच्या भिंतीवर रामायणाचे. दोन्ही चित्रमालिकेसारखे ओळीने वाचता येतात, फक्त गर्दीत मधेच उभं राहू नका. देवळाचा चौथरा हत्तींनी पाठीवर पेललाय. सोंडा तुटल्यात, पण एकही हत्ती दुसऱ्यासारखा नाही.

मग दक्षिणेच्या बाजूला तो रावण. खोल खबदाडात, जवळजवळ पूर्ण सुटा कोरलेला. वीस हात पंख्यासारखे पसरलेत, गुडघा टेकलाय, सगळं अंग ताणलेलं. वर पार्वती घाबरून शंकराचा हात धरतेय, मागे एक दासी पळ काढतेय, आणि शंकर मात्र शांत. नुसता पायाचा अंगठा दाबलाय. सकाळचे दोन रावण पाहिलेले असतील तर फरक न सांगता कळतो. तिथे हालचाल दाखवलीय, इथे वजन जाणवतं. बॅटरीचा झोत डाव्या बाजूने टाका, म्हणजे मागचे हात अंधारातून पुढे येतात.

वर चढून मंडपात जा, छतावरचा नटराज बघा, गाभाऱ्याभोवतीच्या गच्चीवर पाच छोटी देवळं आहेत तीही फिरून या. पायऱ्या उंच आणि काळोख्या आहेत, गुडघेदुखीवाल्यांना खालीच ठेवलेलं बरं. खाली मागच्या बाजूची ओवरी त्यांना पुरेशी आहे. एके काळी हे सगळं पांढऱ्या गिलाव्याचं आणि रंगवलेलं होतं, रंगमहाल म्हणायचे लोक. ओवरीच्या आणि मंडपाच्या छतांकडे नीट पाहिलं तर तो रंग अजून सापडतो.

बाहेर आल्यावर बाजूच्या वाटेने डोंगरावर चढा. वरून मंडपाच्या छतावरचं कमळ आणि त्याभोवतीचे चार सिंह दिसतात. ज्यांनी केवळ खालून कैलास पाहिला, त्यांना अख्खं देऊळ खड्ड्यात आहे हे पटतच नाही. कठड्याच्या आतच थांबा. सेल्फीसाठी पुढे सरकणाऱ्याचा दंड धरा, मग तो जावई का असेना.

चार-साडेचार वाजलेत. पंधरा नंबर दशावताराचं, वर चढून हिरण्यकशिपूला धरणारा नरसिंह बघा. अंगणातल्या मंडपावर राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा लेख आहे. तेरा-चौदा ओलांडताना चौदात आणखी एक रावण भेटतो, पोरांचा हिशोब पूर्ण होतो. बारा नंबरचं तीन ताल बाहेरून सरकारी वसाहतीसारखं साधं दिसतं आणि लोक तिथूनच परततात. तिसऱ्या मजल्यावर जा. मागच्या भिंतीला ओळीने बसलेले सात-सात बुद्ध, एवढ्या उशिरा सहसा तिथे कुणी नसतं.

आणि शेवटी दहा. याला सुतार का झोपडा म्हणतात, कारण दगडाच्या छताला लाकडी कमानीच्या फासळ्या कोरल्यात, एकेक फासळी. कलतं ऊन दर्शनी भागातून आत येतं आणि स्तूपासमोर पाय खाली सोडून बसलेल्या बुद्धापर्यंत पोचतं. ढग असतील तर बेत फसतो, त्याला इलाज नाही. सज्जात जाऊन दोन मिनिटं सगळ्यांना गप्प बसवा, मग एकाने हळू आवाजात एक लांब सूर लावावा. छत तो सूर बराच वेळ सोडत नाही. हुर्रे वगैरे ओरडू नका, वटवाघळं उडतात. अजून उजेड उरला तर पाच नंबरात जा. ते इथलं सर्वात मोठं विहार, ११७ फूट खोल, मधे दोन लांब बुटके दगडी कट्टे.

सोबत आजी-आजोबा असतील तर वरचं सगळं विसरा. १६ खालून, १०, बसने ३२ चा तळमजला. बस्स.

परतताना घृष्णेश्वर. गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांना अंगातला शर्ट-बनियन काढावा लागतो. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर रांगेत उभे असलेले पाहुणे ऐन वेळी संकोचतात. मोबाइल आत नेता येत नाही. देऊळ आज जसं दिसतं ते अहिल्याबाई होळकरांच्या जीर्णोद्धारातलं, त्याआधी मालोजीराजे भोसल्यांनीही दुरुस्ती केली होती. वेरूळ हे भोसल्यांचं गाव, हे पाहुण्यांना सहसा माहीत नसतं. मालोजीराजांची गढीची जागा गावातच आहे, पाच मिनिटं थांबा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर असेल तर घाटाच्या अलीकडे पाट्या घेऊन बसलेल्यांकडून सीताफळं घ्या. डोळे उघडलेली पण अजून टणक असलेली निवडा, घरी जाईपर्यंत मऊ झालेली गाडीच्या सीटवर फुटतात.