कपाटात पडून असलेलं भारी घड्याळ सर्व्हिसिंगला कधी द्यायचं?

मेकॅनिकल (म्हणजे सेलवर नाही, चावीवर किंवा मनगटाच्या हालचालीवर चालणारं) घड्याळ घेऊन सहा-सात वर्षं झाली, लग्नकार्यात चार वेळा मनगटावर आलं, बाकी कपाटातच, तर आता सर्व्हिसिंगला द्यायचं का हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. कंपनीचे आकडे बघायचे तर रोलेक्स साधारण १० वर्षं सांगते आणि ओमेगा ५ ते ८, पण वापराप्रमाणे कमीजास्त असंही त्याच सांगतात. माझं मत विचाराल तर पडून असलेल्या घड्याळाला तारीख बघून देऊ नका, आधी घरीच टेस्ट करा. बंद घड्याळात चाकं फिरत नाहीत म्हणजे झीज पण नाही, फक्त आतलं ऑइल जुनं होत जातं, आणि पूर्वीची ऑइलं गोंदासारखी घट्ट व्हायची तशी हल्लीची सिंथेटिक ऑइलं इतक्या लवकर होत नाहीत.

टेस्ट सोपी आहे. क्राऊन (बाजूची चावी द्यायची कळ) स्क्रूवाला असेल तर आधी उघडा, मग ३०-४० वेळा चावी द्या, फोनच्या टायमाला सेकंदासकट लावा आणि डायल वर करून टेबलावर ठेवून द्या. तारीखवालं असेल तर रात्री ९ ते पहाटे ३ च्या मधे काटे असताना तारीख पुढे ढकलू नका, बऱ्याच मशीनमधे (घड्याळाच्या आतल्या यंत्रणेत) त्या वेळी तारखेची चाकं गुंतलेली असतात. महिनोन्महिने बंद असलेलं घड्याळ पहिल्या दिवशी जरा विचित्र चालू शकतं, त्यामुळे दोन-तीन दिवस चालू द्या आणि मगच काय ते ठरवा.

आता दोन गोष्टी बघायच्या. एक, २४ तासांत किती सेकंद पुढे-मागे गेलं. क्रोनोमीटर सर्टिफिकेटची (अचूक वेळेची चाचणी पास झाल्याच्या दाखल्याची) सीमा दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद आहे, पण सर्टिफिकेट असलेलं जुनं घड्याळ ८-१० सेकंद पुढे जातंय म्हणून लगेच दुकान गाठू नका, रोज तेवढंच जात असेल तर नुसतं रेग्युलेट करून (वेग जुळवून) भागतं. आज ५, उद्या २५, परवा मागे असं चाललं तर मात्र गडबड आहे. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे फुल चावी दिल्यावर एकूण किती तास चालतंय. रोलेक्सचं ३१३५ मशीन साधारण ४८ तास चालतं, नवीन ३२३५ साधारण ७०, आणि तुमचं ४८ वालं जर ३० तासांतच मान टाकत असेल तर ऑइल संपत आलंय असं समजा.

अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे धावायला लागलं तर आधी मॅग्नेटचा संशय घ्या. टॅबचं कव्हर, स्पीकर, पर्सचं बटण, यापैकी काहीही. साधा कंपास जवळ नेऊन सुई हलते का बघा, डीमॅग्नेटाइज करणं दोन मिनिटांचं काम आहे आणि कुणी त्यासाठी फुल सर्व्हिसिंगचं पाच आकडी बिल सांगत असेल तर सरळ दुसरीकडे जा.

टाइमग्राफर (टिकटिक ऐकून घड्याळाची तब्येत मोजणारं यंत्र) असलेला घड्याळवाला मिळाला तर उत्तमच, रीडिंगचा फोटो मागून घ्या. फुल चावीला डायल वर ठेवून अॅम्प्लिट्यूड (आतलं बॅलन्स चाक किती अंश झुलतं तो आकडा) २७० च्या पुढे असलं की निवांत राहा, २४ तासांनी २०० च्या खाली घसरत असेल तर द्या सर्व्हिसिंगला. फक्त लिफ्ट अँगल (अॅम्प्लिट्यूड काढायला टाइमग्राफरमधे भरावा लागणारा, प्रत्येक मशीनचा ठरलेला कोन) बरोबर टाकलाय का ते विचारा, टाइमग्राफरवर नेहमी ५२ असतो पण ओमेगाच्या कोअॅक्सिअल प्रकारच्या मशीनला तो चालत नाही, आकडा खोटा येतो.

आवाजाचं पण ऐका. हाताने चावी देताना आतला रोटर (ऑटोमॅटिकमधे हालचालीने फिरून चावी देणारं वजन) पण गरगर फिरायला लागला तर रिव्हर्सर (रोटरला जोडलेली चाकं) कोरडे झालेत, तसंच दामटत राहू नका. ७७५० नावाच्या, बऱ्याच क्रोनोग्राफमधे (स्टॉपवॉचवाल्या घड्याळांत) असणाऱ्या मशीनचा रोटर मात्र मनगटावर गदगद हलल्यासारखा वाटतो, ते नॉर्मल आहे.

गॅस्केटचं (पाणी आत जाऊ न देणाऱ्या रिंगचं) गणित वेगळं, ते रबर आहे, घाला नाहीतर ठेवा, वयानुसार कडक होणारच. पोहायला किंवा गोव्याला समुद्रात नेणार असाल तर आधी प्रेशर टेस्ट करून घ्या, त्याला मशीन खोलावी लागत नाही. काचेच्या आत वाफ दिसली तर वाट बघत बसू नका, त्याच दिवशी द्या, तांदळाच्या डब्यात वगैरे ठेवून गंज थांबत नाही.

वाइंडरवर (ऑटोमॅटिक घड्याळ फिरवत ठेवणाऱ्या डब्यावर) अखंड फिरवत ठेवायची गरज नाही, उगाच झीज. पावसाळ्यात लेदरचा पट्टा काढून ठेवा, बुरशी येते, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. आणि शेवटी दिलंच सर्व्हिसिंगला तर पावतीवर 'पॉलिश करू नये' असं लिहून घ्या, कारण कडा एकदा घासून गोल झाल्या की परत येत नाहीत आणि पुढे विकताना तिथेच भाव पडतो.