सोबतीने सिगारेट सोडताना या चुका टाळा

सिगारेट सोडू पाहणाऱ्यांच्या एका गटात मी बरीच वर्षे बसतो आहे. नवीन माणूस आला की तो पहिल्या आठवड्यात कोठे अडखळणार, हे आताशा त्याने दोन वाक्ये बोलण्याआधीच कळते, इतक्या त्याच त्या चुका पाहून झाल्या आहेत. इच्छाशक्ती कमी पडली असे सांगून परत जाणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हाताशी मदत होती. त्यांनी ती मागितली नाही, किंवा मागितली तेव्हा वेळ निघून गेली होती.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे सिगारेट ओढून झाल्यावर सोबत्याला, म्हणजे तलफ आली की ज्याच्याकडे मदत मागायची त्याला, कळवणे. "आज पुन्हा ओढली, फार वाईट वाटते," हा निरोप रात्री येतो, तेव्हा समोरचा माणूस सांत्वनापलीकडे काय करणार? तलफ सहसा काही मिनिटेच तीव्र असते आणि सिगारेट ओढली नाही तरी ओसरते. सोबत्याचे काम नेमके त्या मिनिटांत असते. रक्तातील निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते, त्यामुळे पहिल्या दोन-तीन दिवसांत जोर सर्वाधिक असतो, आणि चिडचिड, उडालेली झोप, कशातच न लागणारे लक्ष हे सारे निवळायला बहुधा तीन-चार आठवडे जातात. म्हणून मी प्रत्येक नवख्याला पहिल्याच दिवशी फोनमध्ये एक निरोप लिहून ठेवायला लावतो: "तलफ आली आहे, दहा मिनिटे बोल." ऐन वेळी शब्द सुचत नाहीत आणि संकोचही आड येतो, तयार निरोप नुसता धाडायचा असतो. तो दोघांना धाडावा, कारण दोघांपैकी एक जण हमखास झोपलेला किंवा कामात असतो. उत्तर देणाऱ्यानेही फुप्फुसांवर व्याख्यान देऊ नये. कोठे आहेस, हातात काय आहे, आधी त्या जागेवरून ऊठ, एवढे बोलणे पुरते.

दुसरी चूक मला अधिक छळते, ती म्हणजे घसरल्यावर गप्प राहणे. आमच्या गटात एक गृहस्थ होते. रोजचे एक पाकीट सोडून आलेले, बोलके आणि सर्वांचे लाडके. किती दिवस झाले हे ते प्रत्येक बैठकीत उभे राहून सांगत आणि टाळ्या पडत. एका समारंभात कोणीतरी पुढे केलेली सिगारेट त्यांनी ओढली. पुढच्या बैठकीत त्यांनी नेहमीप्रमाणे आकडा सांगितला, टाळ्याही नेहमीप्रमाणेच पडल्या, आणि तेथून त्यांचा मार्ग बंद झाला. जी सिगारेट ओढलीच नव्हती, तिच्यासाठी मदत मागणार कशी? एकीच्या दोन झाल्या, मग ते बैठकीला उशिरा येऊ लागले, मग येईनासे झाले. काही महिन्यांनी परतले तेव्हा पुन्हा एक पाकीट चालू होते. आपल्याला टाळ्यांचीच भीती वाटू लागली होती, असे त्यांनी सांगितले.

तेव्हापासून आम्ही बैठकीची सुरुवात आकड्यांनी करत नाही. पहिला प्रश्न असतो, "या आठवड्यात कोण घसरले?" कोणी हात वर केला की दटावायचे नाही, किती वाजता, कोणाबरोबर, सिगारेट आली कोठून, हे विचारायचे, कारण पुढच्या वेळचा बंदोबस्त त्या उत्तरांतूनच होतो. उरलेले पाकीट त्याच दिवशी फेकावे. एका सिगारेटसाठी दिवसांची मोजणी शून्यावर आणण्याच्या मी विरोधात आहे: मोजणी चालू ठेवावी आणि घसरण त्या तारखेपुढे नोंदवावी.

याचा अर्थ एका सिगारेटने काही होत नाही, असा कोणी काढू नये. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार, रोज २० सिगारेटी ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो वाढीव धोका असतो, त्याचा जवळजवळ निम्मा धोका रोज एकच ओढणाऱ्यालाही असतो. "दिवसाला एकीवर आणतो" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना हे सांगतो.

तलफ कमी करण्यासाठी चघळायच्या निकोटिनच्या गमबद्दल अधीर मंडळींची तक्रार ठरलेली असते: "दोन दिवस घेतले, उपयोग नाही." पाहावे तर साध्या च्युइंगगमसारखे कचाकचा चावलेले असते. तसे केल्याने निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते, उचकी लागते आणि मळमळते. झणझणीत चव येईपर्यंत सावकाश चावावे, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवावे, चव गेली की पुन्हा चावावे. असे अर्धा तास. त्याआधीच्या पंधरा मिनिटांत कॉफी किंवा फळांचा रस घेऊ नये, कारण आम्लामुळे निकोटिन तोंडातून नीट शोषले जात नाही. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल, तर २ ऐवजी ४ मिलिग्रॅमचे गम घेण्याची शिफारस असते. त्वचेवर चिकटवायची निकोटिनची पट्टी आणि गम एकत्र घेणे एकट्या उपायापेक्षा अधिक प्रभावी ठरते, पण हृदयविकार किंवा गरोदरपण असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. हा उपचार साधारण ८ ते १२ आठवड्यांचा आहे. दोन दिवसांत निकाल मागणाऱ्यांसाठी माझ्याकडे काही नाही.

"लाइट" सिगारेटवर उतरू नये. माणूस निकोटिनची तूट लांब झुरक्यांनी भरून काढतो. अडीअडचणीला म्हणून एक पाकीट कपाटात ठेवू नये. अडचण त्या पाकिटाचीच होते. सोडण्याच्या आदल्या रात्री सोबत्याबरोबर "शेवटची" ओढण्याचा सोहळा तर मुळीच करू नये. सोडतानाच कडक आहार सुरू करू नये. पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वजन वाढते, ते नंतर पाहता येते.

कॉफीकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. तंबाखूच्या धुरातील घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा वेगाने करते. धूर थांबला की हा वेग मंदावतो आणि तेवढ्याच कपांमधले कॅफिन शरीरात जास्त वेळ राहते. मग हात थरथरतात, रात्री डोळा लागत नाही, आणि माणूस म्हणतो, सिगारेट सोडणे मला मानवत नाही. असा फोन आला की मी आधी दिवसभरात किती कप झाले ते विचारतो आणि दुसऱ्या दिवसापासून ते निम्म्यावर आणायला सांगतो.