ओलीची तयारी: रंगाचा डबा सगळ्यात शेवटी

भिंतीला पोपडे धरले की बहुतेक घरांतून पहिला फोन रंगाऱ्याला जातो. ओल घालवायच्या कामांच्या या यादीत त्याचा नंबर जवळजवळ शेवटी आहे. ओल कुठून येते ते कळल्याशिवाय मारलेला रंग पुढच्या पावसापर्यंतही टिकत नाही, आणि तोवर घरातल्यांची छाती मात्र वाजतच राहते.

सुरुवात भिंतींपासून नको, माणसांपासून करा. तान्हं मूल, म्हातारं माणूस, दमेकरी, किंवा ज्याची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झाली आहे असं कुणी घरात आहे का? त्यांची झोपायची खोली सगळ्यात आधी तपासायची, कारण दिवसाचे आठ-दहा तास ते तिथलीच हवा घेतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. ओल्या घरांत राहणाऱ्यांना खोकला, घरघर, श्वसनमार्गाचा संसर्ग आणि बळावलेला दमा यांचा धोका जास्त असतो, एवढं म्हणायला पुरेसा पुरावा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. मात्र हवेत अमुक इतकी बुरशी चालेल, असा आकडा त्यांनी ठरवला नाही. म्हणून ‘काळी की हिरवी, कोणत्या जातीची’ हे प्रयोगशाळेतून तपासून घेण्यात पैसे घालवू नका. दिसली किंवा वास आला, तर ती काढायची आणि ओलही थांबवायची.

तपासणीचं पहिलं हत्यार नाक. दिवसभर बाहेर राहून घरात पाऊल टाकाल तो पहिला मिनिटच खरा. त्यानंतर नाक सरावतं आणि कुबट वास ‘आपल्या घराचा वास’ होऊन बसतो. मग टॉर्च घ्या. उजेड समोरून न पाडता भिंतीला टेकवून तिरपा टाका, म्हणजे अजून न फुटलेला फुगवटा सावलीने दिसतो. कपाट पुढे ओढून मागे बघा, गादी उचलून खालची बाजू, सिंकखालचा कोपरा, खिडकीच्या चौकटीचा तळ, छताला भिंत मिळते ती रेघ. पाहुणे बसतात त्या भिंती सहसा ठणठणीत असतात, त्यांच्यावर फार वेळ घालवू नका.

आता पाणी कुठलं ते ओळखायचं, आणि यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत पट्टा आणि वर पांढरा लोणा, तर पाणी खालून चढतंय. पावसानंतर डाग गडद होतो आणि उघडिपीत फिका पडतो, तर बाहेरची भेग किंवा गच्ची. ऋतू कोणताही असो डाग तसाच, तर नळाची लाईन किंवा शेजारचं बाथरूम. आणि थंड कोपऱ्यात, कपाटामागे काळे ठिपके उठत असतील, तर घरातलीच वाफ तिथे निवते आहे. शेवटचे दोन प्रकार एकमेकांत फार मिसळतात. त्यासाठी एक साधी परीक्षा: अॅल्युमिनियम फॉइलचा हातभर तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि एक-दोन दिवसांनी काढून बघा. भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय; खोलीकडची बाजू घामेजली असेल तर दोष आतल्या हवेचा. प्लंबरला बोलवायचं की खिडकीची सवय बदलायची, ते यावरून ठरवता येतं.

बाहेरची कामं पावसाआधी उरकायची, ती सगळ्यांना ठाऊक असतात: गच्चीचा उतार, पन्हाळीतला पालापाचोळा, भिंतीवरच्या भेगा, खिडकीचे सांधे. छज्जाच्या खालची खाच बुजली असेल तर तेवढी मोकळी करून घ्या, नाहीतर पाणी टपकायच्या ऐवजी सरपटत भिंतीवर येतं.

आतली वाफ मात्र आपलीच करणी. श्वास, आंघोळ, स्वयंपाक, वाळत घातलेले कपडे मिळून चार माणसांचं घर दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतं. यात कपडे सगळ्यात नाठाळ. आत वाळवायचेच असतील तर एकाच खोलीत, दार लावून, पंखा आणि एक्झॉस्ट चालू ठेवून. निजायच्या खोलीत तर नकोच. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र घेऊन त्याच खोलीत ठेवा. काटा सतत ६० टक्क्यांच्या वर राहिला तर बुरशीची सोय झाली. गादीतले धूळकिडे पाणी पीत नाहीत, ते हवेतला ओलावाच शोषतात. त्यामुळे आर्द्रता ५० टक्क्यांखाली टिकवली तर ते तग धरत नाहीत. दमेकऱ्याच्या चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धुवायचे. कपाटं आणि पलंग बाहेरच्या भिंतीपासून निदान चार बोटं दूर सरकवा.

‘खिडक्या उघड्या ठेवा’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. २० अंशांची हवा घनमीटरला साधारण १७ ग्रॅम वाफ धरते, १० अंशांची जेमतेम ९. म्हणून थंडीत बाहेरची हवा आत येऊन तापली की कोरडी होते आणि खिडकी उघडणं फळतं. उष्ण, पावसाळी दिवसांत उलट: बाहेरचीच हवा जड, ती आत घेतली की कपडे आणि पुस्तकं आणखी सादळतात. तरीही घर बंद करून बसता येत नाही. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, जंतू, स्वयंपाकाचा धूर बाहेर जायलाच हवा. जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ पेटेनकोफरने १८५८ मध्ये दशलक्ष भागांत १००० भाग कार्बन डायऑक्साइड ही कोंदटपणाची खूण सुचवली होती, आणि आजही तो आकडा वापरात आहे. मधला मार्ग असा: समोरासमोरच्या खिडक्या दिवसातून तीन-चारदा दहा-दहा मिनिटं सताड उघडायच्या, बाकी वेळ ओल शोषणारं यंत्र किंवा एसीचा ड्राय मोड. यंत्राची टाकी रोज रिकामी करायची.

एक्झॉस्ट फिरतोय म्हणजे हवा ओढतोय असं नाही. जाळीला कागद लावून बघा. चिकटून राहिला तर ठीक. गळून पडला तर पाती-जाळी धुवा आणि दाराखाली बोटभर फट आहे का ते पाहा, कारण आत हवा शिरली नाही तर बाहेर काय जाणार? आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं तो चालू राहू द्या. आणि गॅसवर चालणारा गिझर असेल तिथली झडप, जाळी पावसाची झड येते म्हणून पुठ्ठ्याने कधीही बंद करू नका. गॅस जळताना होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस आंघोळ करता करता कोसळतो.

साफसफाई एक चौरस मीटरपर्यंतचीच घरी करा, जास्त असेल तर माहीतगार माणसाला बोलवा. एन-९५ मास्क, हातमोजे, चष्मा घालून डाग आधी ओला करायचा, मग साबणाच्या पाण्याने पुसायचा. कोरडा ब्रश मारलात तर बीजाणू घरभर उडतील. ब्लीच वापरलंच तर ॲसिड किंवा अमोनियाबरोबर मिसळू नका, विषारी वायू होतो. दमेकऱ्याला तेवढा वेळ घराबाहेर पाठवा. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली नाही तर बुरशी धरते. आतपर्यंत कुजलेली गादी टाकूनच द्यावी लागते.

भिंत पूर्ण वाळल्यावर रंगारी. जाड भिंतीला आठवडे नव्हे, कधी कधी महिनेही लागतात.

भाड्याचं घर असेल तर फोटो, तारखा आणि लेखी तक्रार आजपासून एका फाइलमध्ये ठेवा. ‘तुमचीच राहणी तशी’ हे उत्तर ठरलेलं असतं. ब्रिटनमध्ये रॉचडेल इथे २०२० मध्ये दोन वर्षांचा मुलगा गेला. घरातल्या बुरशीमुळे झालेल्या श्वसनविकाराने तो दगावला, असं २०२२ च्या चौकशीत ठरलं, आणि घरमालकांना मुदतीत दुरुस्ती करायला लावणारा कायदा तिथे त्याच्या नावाने झाला.

डॉक्टरांकडे जाण्याआधी चार ओळी लिहून ठेवा: खोकला रात्री येतो की पहाटे, कोणत्या खोलीत वाढतो, परगावी गेल्यावर कमी होतो का. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर ते आवर्जून सांगा, घरातल्या ओलीबद्दल डॉक्टर दर वेळी विचारतीलच असं नाही. इन्हेलर भरलेला आहे ना, तारीख उलटली नाही ना ते बघा. आणि धाप लागून वाक्य पुरं करता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर वाट न बघता रुग्णालय गाठा.