मागून गाडी आली हे कळायला हवं : इलेक्ट्रिक कारचा आवाज कसा तपासायचा आणि कसा जपायचा

इलेक्ट्रिक कार घेतली की माणूस चार दिवस सगळ्यांना कौतुकाने सांगतो, "भाऊ, आवाजच नाही!" मग एक दिवस तोच माणूस माझ्या दुकानात येतो. जळगावला अजिंठा चौफुलीच्या अलीकडे माझं ऑटो इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. गिऱ्हाईक विचारतं, हळू चालवताना पुढून हे 'हूंऽऽ' काय वाजतं, वायर काढून देता का? मी काढून देत नाही. चहा मागवतो आणि ते काय आहे ते सांगतो. तेच इथे लिहितो.

तो आवाज गाडीत बसलेल्यांसाठी नाही, गाडीकडे पाठ करून चालणाऱ्यासाठी आहे. पेट्रोल-डिझेलचं इंजिन उभ्या गाडीतही वाजतं. इलेक्ट्रिक मोटर हळू वेगाला जवळजवळ मुकी असते. वेग वाढला की टायरचा आणि वाऱ्याचा आवाज आपोआप येतो, म्हणून कृत्रिम आवाज फक्त खालच्या वेगाला लागतो. युरोपात ताशी २० किलोमीटरपर्यंत तो सक्तीचा आहे, अमेरिकेत साधारण ३० पर्यंत. त्यामुळे तिशीच्या पुढे आवाज बंद झाला तर बिघाड समजून गाडी घेऊन येऊ नका.

हा नियम आंधळ्या माणसांनी भांडून मिळवलेला आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. अमेरिकेतल्या नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या संघटनेने हा विषय लावून धरला आणि २०११ च्या जानेवारीत तिथे कायद्यावर सही झाली. नंतर युरोपने १ जुलै २०१९ पासून नव्या मॉडेलांना आणि १ जुलै २०२१ पासून सगळ्या नव्या इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांना तो लागू केला. आपल्याकडे रस्ते वाहतूक मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये मसुदा काढला. त्यात नव्या मॉडेलांसाठी १ ऑक्टोबर २०२६ आणि आधीपासून बाजारात असलेल्या मॉडेलांसाठी १ ऑक्टोबर २०२७ अशा तारखा आहेत. पण तो प्रवासी आणि मालवाहू चारचाकींपुरता आहे. ई-रिक्षा आणि स्कूटर त्यात नाहीत, आणि आमच्या फुले मार्केटात गर्दी त्यांचीच.

आता तुमच्या गाडीत हा आवाज आहे का, ते बघा. गाडीच्या पुस्तकात 'एव्हास' (AVAS, म्हणजे चालणाऱ्याला सावध करायला आवाज काढणारी यंत्रणा) शोधा. ह्युंदाईवाले त्याला व्हर्च्युअल इंजिन साउंड सिस्टम म्हणतात. पुस्तक सापडत नसेल तर पुढच्या बंपरच्या मागे, खालच्या बाजूला टॉर्च मारून पाहा. चहाच्या बशीएवढा काळा प्लास्टिकचा स्पीकर, त्याला जाळी आणि छोटा सॉकेट दिसेल. काही गाड्यांत मागेही एक असतो. जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांत मुळातच काही नसण्याची शक्यता आहे. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

तपासणी पहाटे करा, कॉलनीतल्या मोकळ्या रस्त्यावर. एसी, पंखा, गाणी सगळं बंद. एसीच्या कॉम्प्रेसरचा आणि रेडिएटरच्या पंख्याचा आवाज बाहेर येतो आणि पुष्कळ लोक तोच खरा आवाज समजून निर्धास्त होतात. घरातला एक माणूस रस्त्याच्या कडेला उभा करा, गाडीकडे पाठ करून. समोर तोंड करून उभं केलं तर उपयोग नाही, कारण डोळ्याला गाडी दिसली की कानही लगेच हो म्हणतो. त्याला सांगा, आवाज आला की हात वर कर. तुम्ही लांबून या आणि त्याच्यापासून दोन मीटर बाजूने गाडी न्या. पहिल्यांदा नुसता ब्रेक सोडून सरपटत, मग दहाच्या वेगाने, मग वीसच्या. हात वर झाला की तिथे थांबा आणि अंतर मोजा.

अंतर का मोजायचं? ताशी २० किलोमीटरला गाडी सेकंदाला साडेपाच मीटर जाते. पाच-सहा मीटरवर आल्यावर हात वर झाला, तर त्या माणसाच्या हातात एक सेकंद उरला. तरणा पोरगा तेवढ्यात उडी मारेल. गुडघे धरलेली आजी नुसती वळून बघेपर्यंत तो सेकंद संपलेला असतो. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही एकदा उभं करा. आमच्या गल्लीतल्या एका आजींना मी असं उभं केलं होतं. गाडी त्यांची नव्हती, दुसऱ्याची होती, आणि तिच्या स्पीकरचं सॉकेटच निघालेलं होतं. आजी अहिराणीत म्हणाल्या, "मांगेथून कव्हय उनी, माले कयनंच नही." म्हणजे मागून कधी आली, मला कळलंच नाही.

दुसरी गोष्ट आवाजाच्या चढउताराची. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक १३८ सांगतो की वेग ताशी एक किलोमीटरने वाढला की आवाजाची पट्टी किमान ०.८ टक्के चढली पाहिजे. यातूनच ऐकणाऱ्याला कळतं की गाडी थांबतेय की अंगावर येतेय. माझ्या दुकानाशेजारी एक अंध गृहस्थ आहेत. पूर्वी त्यांचा एसटीडी बूथ होता, आता झेरॉक्सचं मशीन आहे. शंका असली की मी त्यांना खुर्ची टाकून बाहेर बसवतो. गाडी डावीकडून आली, वळली, वेग कमी झाला, हे ते अचूक सांगतात. सगळ्या गाड्या त्यांना सारख्या ऐकू येत नाहीत. बारीक, एकसुरी शीळ त्यांना दिशा देत नाही, भरदार आवाज देतो. रिव्हर्समध्येही हीच तपासणी करा. लोक ती विसरतात आणि अंगणातले अपघात तर रिव्हर्समध्येच होतात.

मोबाइलच्या डेसिबल ॲपवर फार भरवसा ठेवू नका. आज आणि सहा महिन्यांनी त्याच जागी, त्याच मोबाइलवर तुलना करायला ते ठीक आहे. नियमातले आकडे मात्र लक्षात ठेवा: दहाच्या वेगाला किमान ५० डेसिबल, वीसला ५६, रिव्हर्सला ४७ आणि काही झालं तरी ७५ च्या वर नाही. आता गंमत बघा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत बाजारपेठेसाठी दिवसाची मर्यादाच ६५ आहे. बाजार कायद्यात राहिला तरी गाडीचा आवाज त्यात बुडू शकतो. शिवाय आपल्याकडे लग्नसराईत वरातीचा डीजे असतो, तिथे विषयच संपला. म्हणजे 'एव्हास आहे' म्हणून दाणा बाजारात बेफिकीर गाडी घालायची नाही. काच खाली घ्या, वेग दहाच्या आत ठेवा. हॉर्न द्यायचाच तर लांबून, एकदाच आणि हलका. पाठीला चिकटून हॉर्न मारला की माणूस दचकून नेमका गाडीच्या बाजूला उडी मारतो. त्यापेक्षा थांबा आणि "ताई, जरा सरका" म्हणा.

आवाज कमी झाला असेल किंवा आलाच नाही तर बहुतेक वेळा कारण साधं असतं. पावसाळ्यात आपली काळी माती जाळीत बसते आणि उन्हात विटेसारखी घट्ट होते. ती मऊ ब्रशने, साध्या पाण्याने काढा. वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरची नळी स्पीकरवर धरू देऊ नका, आणि खालून कोटिंग मारून घेताना जाळीवर टेप लावायला सांगा. रावेर-यावलकडच्या केळीच्या गोदामात लागणाऱ्या गाड्यांना उंदरांचा ताप असतो, त्यांच्या वायर तपासा. सगळ्यात जास्त सापडणारं कारण म्हणजे बंपरचं काम. ठोकर लागली, बंपर उतरवला, रंगवला, बसवला आणि सॉकेट लावायचं राहिलं. डॅशबोर्डवर दिवा लागेलच अशी खात्री धरू नका.

स्वतः हात घालणार असाल तर एवढं पाळा: नारिंगी रंगाच्या वायरला बोट लावायचं नाही. ती मोठ्या बॅटरीची लाइन आहे, जीव घेते. स्पीकर छोट्या बारा व्होल्टवर चालतो. त्याचा फ्यूज आणि सॉकेट बघून झाले की थांबा. गाडी वॉरंटीत असेल तर तेवढंही करू नका, शोरूमला न्या.

काही जुन्या मॉडेलांत आवाज थांबवायचं बटण असतं. ते दाबू नका. नव्या आंतरराष्ट्रीय नियमातून ते बटण काढूनच टाकलं आहे.

ज्यांच्या गाडीत आवाजच नाही, ते विचारतात की बाहेरून एखादं किट बसवू का. गाण्याचं, सायरनचं, कुत्रा भुंकल्याचं काही बसवायला मी साफ नकार देतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११९ वा नियम एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणाऱ्या हॉर्नला आणि कर्कश, दचकवणाऱ्या कुठल्याही यंत्राला मनाई करतो. आणि लोक गाणं ऐकून बाजूला होत नाहीत, गाणं कुठून येतंय ते बघत उभे राहतात. कंपनीचा पार्ट तुमच्या मॉडेलला मिळत असेल तर तो शोरूममधून बसवून घ्या.

मिळत नसेल तर सवयीच बदलाव्या लागतात, आणि ई-रिक्षा, स्कूटरवाल्यांना तेवढंच हातात आहे. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. कुत्री, शेळ्या, कधी कोंबड्या उभ्या गाडीखाली सावलीला बसतात. डिझेल गाडीचा स्टार्टर घरघरला की उठून पळतात. इलेक्ट्रिकमध्ये काहीच घरघरत नाही आणि चाक थेट फिरतं. म्हणून बसण्याआधी गाडीला एक फेरी मारा, वाकून खाली बघा, बोनेटवर दोन थापा द्या. अंगणातून मागे घेताना कुणाला तरी मागे उभं करा. गुरं घरी परतायच्या वेळी गावच्या रस्त्याला असाल तर बैलगाडीला अचानक खेटून पुढे जाऊ नका. लांबूनच गाडीवानाला हाक द्या, तो कासरा आवरेल, मग निघा.

सर्व्हिसिंगला गाडी टाकताना जॉब कार्डवर लिहून घ्या: 'एव्हास तपासणे, पुढे आणि रिव्हर्स दोन्ही'. गाडी परत घेताना पैसे देण्याआधी गॅरेजच्या पोरालाच पाठ करून उभं करा आणि त्याच्या बाजूने एकदा गाडी काढा.